‘चल आमच्यासोबत’ म्हणणाऱ्याला पहिल्याच दिवशी ‘नाही’

बायबलमधलं ‘नीतिसूत्रे’ हे पुस्तक शलमोन राजाच्या नावाने ओळखलं जातं. प्रस्तावनेच्या मोजक्या ओळी संपल्या की त्यात एक बाप मुलाशी बोलायला लागतो, आणि सगळ्यांत आधी बोलतो ते संगतीवर. घर, शेत, पैसा, राजदरबार हे विषय पुढे येणारच असतात. त्याआधी तो मुलाला बजावतो की, उद्या काही जण येतील आणि तुला सोबत चल म्हणतील. ते काय काय बोलतील हेही तो त्यांच्याच तोंडून बोलावं तसं बोलून दाखवतो. कुठेतरी दबा धरून बसायचं आहे, ज्याने आपलं काही वाकडं केलं नाही अशाला गाठायचं आहे, मिळालेल्या मालाने घरं भरणार आहेत, आणि सगळ्यांची थैली एकच राहणार आहे.

त्या बापाची ही पद्धत मला फार मोलाची वाटते. ‘वाईट पोरांच्या नादी लागू नको’ एवढंच सांगून तो उठत नाही. वाईट पोरांच्या कपाळावर तसं लिहिलेलं नसतं. मुलाला ओळखायला शिकवायचं असतं ते त्यांचं बोलावणं. त्याचा सूर कसा असेल, त्यात आमिष कुठलं असेल, लपवलेलं काय असेल, हे मुलाने एकदा घरात, आई-बापाच्या तोंडून ऐकलेलं असलं की बाहेर ते पहिल्यांदा कानावर पडतं तेव्हा त्याला ते ओळखीचं वाटतं. तो सावध होतो.

आष्टीतल्या बहुतेक घरांत बायबल नसेल. त्याने अडत नाही. ज्या वर्धा जिल्ह्यात आपण राहतो तिथल्याच पवनारच्या विनोबांनी नव्या करारातून निवड करून ‘ख्रिस्तधर्म-सार’ तयार केलं होतं. चांगलं बोलणं कुठल्या धर्मग्रंथातून आलं म्हणून परकं मानायचं नाही, ही सवय या मातीला आहे. हा लेख आई-वडिलांसाठी आहे, आणि पंधरा ते पंचवीस या वयातल्या मुलांसाठी तर आहेच.

तर ते बोलावणं आज आपल्याकडे कसं येतं, ते पाहू.

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी होऊन जवळपास पन्नास वर्षं झाली. नदी ओलांडली की अमरावती जिल्हा, तिकडे दुकानं उघडी. त्यामुळे माल इकडे आणणाऱ्याला पैसा सुटतो, आणि रानात मोहाचा सडवा टाकून हातभट्टी लावणाऱ्यालाही. दुसरा धंदा रेतीचा. नदी-नाल्यांतून रात्री रेती उपसायची, ट्रॅक्टर-टिप्परने पोचवायची, आणि तहसीलची गाडी निघाली की व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन टाकायचं. या दोन्ही धंद्यांना दोन-चार मोठी माणसं लागतात आणि बाकी लागतात ती पोरं. पोराला कुणी ‘चल, गुन्हा करू’ म्हणत नाही. पानठेल्यावर, ओळखीतला कुणी, खांद्यावर हात ठेवून म्हणतो, “चाल ना बे, तुले काही करायचं नाही. फाट्यावर उभं राह्यचं, गाडी दिसली का एक फोन मारायचा. पाचशे रुपये.”

या एका वाक्यात नीतिसूत्रांतलं सगळं आहे. दबा धरणं आहे, लपवणं आहे, सोपा पैसा आहे आणि ‘आपण सगळे एक’ ही ऊबही आहे. राहिली हिंसा. ती पहिल्या दिवशी दिसत नाही. ज्या रात्री एखादा तलाठी किंवा पोलीस गाडीसमोर उभा राहतो आणि गाडी थांबत नाही, त्या रात्री ती दिसते. किंवा दोन टोळ्यांत हद्दीवरून वाद होतो तेव्हा. फाट्यावरच्या पोराने त्या रात्रीसाठी कधी होकार दिलेला नसतो. त्याने होकार दिलेला असतो पाचशे रुपयांच्या फोनला.

म्हणूनच त्या बापाने मुलाला जे सांगितलं त्यात ‘अशांबरोबर गेलास तर जपून राहा’ असं काही नाही. पाऊलच टाकू नको, असं आहे. चौथ्या अध्यायात तो हेच आणखी जोर देऊन सांगतो: तो रस्ता टाळ, त्यावर जाऊ नको, वळसा घाल आणि पुढे निघून जा. एकाच गोष्टीसाठी तो एवढी क्रियापदं खर्च करतो, कारण मधल्या पायरीवर थांबता येईल अशी मुलाची समजूत असते आणि बापाला माहीत असतं की तशी पायरी नाही.

आपल्याकडे ढवळ्या-पवळ्याची म्हण आहे. शेजारी बांधलं की गुण लागतो, एवढं ती सांगते. नीतिसूत्रेही बाविसाव्या अध्यायात तापट माणसाशी मैत्री करू नको म्हणतात, कारण त्याच्या चाली अंगवळणी पडतात. पण त्यांची खरी भीती त्याच्या पुढची आहे. गुण लागायला वेळ लागतो. फास त्याआधीच बसतो. तुम्ही अजून चांगलेच असता, तुमच्या हाताला काही लागलेलं नसतं, तरी तुम्ही अडकलेले असता. एकोणतिसाव्या अध्यायात चोराच्या भागीदाराबद्दल एक कठोर सूत्र आहे: तो स्वतःच्याच जिवाचा वैरी असतो, कारण साक्ष द्यायला बोलावलं की त्याला तोंड उघडता येत नाही. खरं सांगावं तर आपण अडकतो, आणि गप्प राहावं तर तोही अपराध. जो कधी अशा खटल्यात गोवला गेला आहे, त्याला हे सूत्र समजावून सांगावं लागणार नाही.

कायदाही इथे फार वेगळं बोलत नाही, आणि हे प्रत्येक तरुणाने नीट वाचावं. १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३(५) नुसार समान इराद्याने अनेकांनी मिळून केलेल्या कृत्यासाठी प्रत्येक जण असा जबाबदार धरला जातो, जणू ते त्याने एकट्याने केलं. पाच किंवा अधिक लोकांचा बेकायदेशीर जमाव असेल आणि त्या जमावाच्या उद्देशासाठी एकाने गुन्हा केला, तर कलम १९० प्रमाणे त्या वेळी जमावात असलेला प्रत्येक सदस्य दोषी ठरू शकतो. दरोडा म्हणजे पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी. कलम ३१० मध्ये दरोड्यासाठी नुसतं जमणंही स्वतंत्र गुन्हा आहे, मग प्रत्यक्ष दरोडा पडो न पडो. आणि दरोडा घालताना त्यांतल्या एकाने खून केला, तर सगळ्यांनाच फाशी, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षं सक्तमजुरी होऊ शकते. काठी कुणाच्या हातात होती आणि गाडीत कोण बसून राहिला होता, हा प्रश्न तिथे फार उशिरा विचारला जातो.

‘मी फक्त उभा होतो’ म्हणणाऱ्या पोराला मी बायबलमधला एक प्रसंग आवर्जून सांगेन. स्तेफन नावाच्या निरपराध माणसाला जमावाने यरुशलेमच्या बाहेर नेऊन दगडांनी ठेचून मारलं. दगड नीट फेकता यावेत म्हणून साक्षीदारांनी अंगावरची वस्त्रं काढली आणि ती एका तरुणाच्या पायाशी ठेवली. त्या तरुणाने एकही दगड उचलला नाही. त्याने कपडे सांभाळले. त्याचं नाव शौल. हाच पुढे पौल झाला, ख्रिस्ती धर्माचा सगळ्यांत मोठा प्रचारक; आणि पुष्कळ वर्षांनी जाहीर बोलताना त्याने त्या दिवसाचा उल्लेख केला तेव्हा ‘मी तर काही केलं नव्हतं’ असं म्हटलं नाही. स्तेफनाचं रक्त सांडत होतं तेव्हा मी तिथे होतो, मला ते मान्य होतं, मारणाऱ्यांचे कपडे मी राखत होतो, असं त्याने सरळ कबूल केलं. हा प्रसंग ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सातव्या आणि बाविसाव्या अध्यायांत आहे. भांडणाच्या जागी मोबाइल धरून व्हिडिओ काढणारा, गाडीचं इंजिन चालू ठेवून बसणारा, तलवार आपल्या घरी दोन दिवस ठेवून घेणारा, हे सगळे आजचे कपडे राखणारे आहेत.

दुसरा एक प्रसंग कमी वाचला जातो. दावीद राजाचा मुलगा अबशालोम बापाविरुद्ध बंड करायला निघाला तेव्हा यरुशलेमहून दोनशे माणसं त्याच्याबरोबर गेली. ती आमंत्रित होती, मोकळ्या मनाने गेली होती, आणि मुळात काय शिजतंय याची त्यांना कल्पना नव्हती, असं शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे. बंड करणाऱ्याला असे दोनशे भोळे लोक हवेच असतात. त्यांच्यामुळे गर्दी दिसते, वजन दिसतं. आज एखाद्या ‘भाऊ’च्या वाढदिवसाला, मिरवणुकीला किंवा कुणाला ‘समजवायला’ जाताना वीस मोटारसायकली लागतात, त्यांतल्या पंधरा अशाच असतात. कुठे जातोय, कशासाठी, कुणाला भेटायचंय, हे विचारून ज्याचं उत्तर मिळत नाही त्या गाडीवर बसू नये. उत्तर मिळालं नाही हेच उत्तर आहे.

आणि भाऊ स्वतः? शास्ते या पुस्तकातल्या अबीमलेखाने देवळाच्या खजिन्यातली सत्तर रुप्याची नाणी घेऊन रिकामी, उडाणटप्पू पोरं भाड्याने ठेवली आणि त्यांना घेऊन स्वतःच्या सत्तर भावांचा जीव घेतला. कथा राजाची आहे, पण मला त्यातली भाड्याने घेतलेली पोरं जास्त दिसतात. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. ती कुठली, त्यांचं पुढे काय झालं, कुणाला पत्ता नाही. टोळीत खालच्या पायरीवर असलेल्याचं असंच होतं. वरच्याला वकील असतो, पुढारी असतो, जामीन असतो. खालच्याला आईचं मंगळसूत्र मोडावं लागतं.

दावीदाचाच आणखी एक मुलगा अम्नोन, त्याचा मित्र योनादाब तर आणखी शिकण्यासारखा. तो दावीदाचा पुतण्या, घरातलाच, फार हुशार. बहिणीवर वाईट नजर असलेल्या अम्नोनाला आजारी असल्याचं सोंग घेण्याची युक्ती त्यानेच सुचवली. त्यातून त्या बहिणीवर, तामारेवर, अत्याचार झाला, दोन वर्षांनी अम्नोनाचा खून झाला, राजघराणं फाटलं. आणि खुनाची बातमी आली तेव्हा हाच योनादाब राजाजवळ शांतपणे उभा राहून सगळे राजपुत्र मेले नाहीत, एकटा अम्नोन मेला, असं सांगत होता. सल्ला देणारा कायम सुरक्षित जागी असतो. ज्या मित्राच्या प्रत्येक युक्तीत धोका तुमचा आणि मजा त्याची असते, तो वयाने, नात्याने कितीही जवळचा असला तरी त्याच्याशी गुपितं बोलणं बंद करावं.

नाही म्हणायचं कसं, हा खरा अवघड भाग, आणि त्यावर कुणी मुलांना काही शिकवत नाही. पोराला गुन्ह्याची भीती वाटत असते, पण त्याहून जास्त भीती वाटते ती ‘भेला का बे?’ या प्रश्नाची. त्यासाठी आधीच ठरवलेलं, लहान, पुन्हापुन्हा तेच म्हणता येईल असं वाक्य हवं. “मले जमत नाही” एवढं पुरे. कारण सांगायच्या फंदात पडू नये. आज अभ्यास आहे म्हटलं तर ते उद्या येतात. गाडीत पेट्रोल नाही म्हटलं तर पेट्रोल टाकून देतात. नीतिसूत्रांतला बाप मुलाला वाद घालायला शिकवत नाही हे ध्यानात घ्या. तो म्हणतो, संमती देऊ नको. संपलं. वादात तो मुलगा हरणारच आहे, कारण समोरचा वयाने मोठा आहे, बोलण्यात तरबेज आहे आणि त्याच्या मागे पाच जण उभे आहेत.

त्यांचं काही घेऊही नये. हे मी फार गंभीरपणे लिहीत आहे. पहिल्यांदा चहा-नाश्ता, मग मोबाइलचा रिचार्ज, मग सणाला कपडे, मग कुठल्यातरी प्रकरणात ‘भाऊने सोडवलं’. असे उपकार चढत जातात आणि एक दिवस त्यांची वसुली होते. एकच थैली असण्याचा अर्थ हाच. बँक खातं किंवा सिमकार्ड वापरायला देणं हा त्याचा आजचा प्रकार. ‘तुझ्या खात्यावर थोडे पैसे येतील, काढून दे, हजार तुझे’ असं सांगून सायबर ठगांची टोळी गावातल्या पोरांची खाती वापरते. पोलीस तपासात सगळ्यांत आधी सापडतो तो खातेदार. त्याने कुणाला धमकावलेलं नसतं, पण एखाद्या म्हाताऱ्या शिक्षकाची आयुष्यभराची पुंजी त्याच्या खात्यातून गेलेली असते.

तिसऱ्या आणि चोविसाव्या अध्यायांत एक सूचना आहे, ती वरवर संगतीची वाटत नाही: हिंसक माणसाचा हेवा करू नको. मला वाटतं, हे सगळ्याचं मूळ आहे. संगत पायांनी होण्याआधी डोळ्यांनी होते. तलवारीने केक कापणारा, कपाळाला गुलाल लावून तुरुंगाच्या दारातून मिरवत येणारा, मागे पार्श्वसंगीत टाकलेला रील पोरगा दिवसातून कितीदा पाहतो? पाहता पाहता त्याला त्या माणसासारखं चालावंसं वाटायला लागतं. त्या रीलमध्ये पुढचं काही नसतं. तलवार घेऊन केक कापल्याबद्दल शस्त्र कायद्याखाली गुन्हे नोंदले जातात, आणि तो व्हिडिओच पुरावा असतो. तडीपारी झाली की घर, गाव, जिल्हा सुटतो. महाराष्ट्राच्या १९८१ च्या एमपीडीए कायद्याखाली हातभट्टीवाले, धोकादायक व्यक्ती आणि रेती तस्कर यांना वर्षभरापर्यंत स्थानबद्ध ठेवता येतं. आपल्या तालुक्यातली कितीतरी मुलं पहाटे उठून पोलीस भरतीसाठी, सैन्यासाठी धावतात. चारित्र्य पडताळणीच्या वेळी अशी एखादी नोंद निघाली की ती सगळी धाव फुकट जाते. हे रीलखालच्या कमेंटमध्ये कुणी लिहीत नाही.

इथे कुणी म्हणेल, आष्टी तर शहिदांचं गाव, आमच्या रक्तातच आग आहे. हे बोलणं मला अस्वस्थ करतं. १६ ऑगस्ट १९४२ ला इथल्या लोकांनी पोलीस ठाण्यावर मोर्चा नेला, गोळीबार झाला, गावकरी हुतात्मा झाले, पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी चिमूरही उठलं. चिमूर-आष्टीच्या खटल्यांत फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या आणि ती माणसं वाचावीत म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांच्यासारख्यांनी जिवाचं रान केलं. त्या दिवसाच्या हिंसेबद्दल सेवाग्रामच्या विचाराने वेगळं म्हणणं मांडता येतं आणि ते मांडावंही. पण ती माणसं दिवसाढवळ्या, झेंडा घेऊन, आपल्या नावानिशी निघाली होती. ती कुणाच्या वाटेवर दबा धरून बसली नव्हती. त्यांच्यात लुटीची वाटणी नव्हती, आणि किंमत त्यांनी स्वतः मोजली. त्यांचं नाव रेतीच्या हद्दीच्या भांडणात किंवा एखाद्या भाऊच्या फलकावर वापरणं हा त्यांचा अपमान आहे. मुलांना ही कसोटी शिकवावी: जे काम आपल्या आईला, गावाला, न्यायाधीशाला सांगता येईल असं वाटतं आणि ज्यात निरपराधाला इजा नाही, त्यासाठी चार लोकांत उभं राहायला घाबरू नये. जे लपवावं लागतं तिथून निघावं.

आता आई-वडिलांविषयी. नीतिसूत्रांत बापाची शिकवण आणि आईचं सांगणं ही दोन्ही एकाच वाक्यात येतात, आणि ती मुलाच्या डोक्यावरची माळ आहे, गळ्यातला दागिना आहे असं म्हटलं आहे. म्हणजे ती त्याला शोभावी, हवीशी वाटावी. आपल्याकडे पोरगा उशिरा आला की पहिलं वाक्य शिवीचं असतं. मग तो सांगायचं बंद करतो. एखाद्या रात्री तो खरोखर घाबरलेला असतो, त्याला सांगायचं असतं की आज मला अमुक ठिकाणी नेलं होतं. आणि घरात शिरताच चप्पल अंगावर येते. त्या रात्री आपण त्याला परत त्या टोळीकडे ढकललेलं असतं. मुलाला एक खात्री द्या, स्पष्ट शब्दांत, वेळ येण्याआधी: कुठूनही, कितीही वाजता फोन कर, मी न्यायला येईन, आणि त्या रात्री एक शब्द बोलणार नाही. बोलणं दुसऱ्या दिवशी. नातेवाइकांत अशी एखादी मामी, आत्या किंवा काका असावा ज्याला मुलगा आई-बापाआधी सांगू शकेल. त्यालाही हे माहीत असू द्या.

त्याच्या हातात न सांगता आलेली वस्तू दिसली, नवा मोबाइल, गाडी, बूट, तर विचारायलाच हवं. ‘मित्राने दिला’ हे उत्तर पुरेसं मानू नका. त्या मित्राच्या घरी जा, त्याच्या आईशी बोला. पुष्कळदा तीही काळजीत असते आणि तिला कुणी विचारलेलं नसतं. दोन घरं बोलू लागली की टोळीचं निम्मं काम अवघड होतं.

रिकामी संध्याकाळ ही मोठी अडचण आहे. टोळीला सोडून पोरगा जाणार कुठे, याचं उत्तर द्यायची जबाबदारी गावाची. विदर्भातल्या गावोगावी तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते. कबड्डीचं मैदान असतं. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांचा घोळका असतो. जिथे ख्रिस्ती कुटुंबं आहेत तिथे चर्चचा तरुण संघ असतो. मुलाला तिथे नुसतं पाठवून चालत नाही, पहिले काही दिवस सोबत जावं लागतं. सुज्ञांबरोबर चालणारा सुज्ञ होतो, असा नीतिसूत्रांचा भावार्थ आहे; पण त्यासाठी सुज्ञांनीही संध्याकाळी घराबाहेर पडून चौकात दिसायला हवं.

एक आक्षेप रास्त आहे. येशू स्वतः जकातदारांच्या आणि पापी म्हणवल्या जाणाऱ्यांच्या पंगतीला बसला, त्यावरून त्याला बोल लावले गेले. मग त्याचा धर्म संगत टाळा कसं म्हणतो? तो जेवला ते बोलावून, बदलवण्यासाठी, उघड्या दाराने. जक्कय नावाच्या जकातदाराच्या घरून तो निघाला तेव्हा जक्कय अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत द्यायला तयार झाला होता. येशूने जक्कयाच्या जकातीत वाटा घेतला नाही. विनोबांनी याच वाटेने चंबळचं खोरं गाठलं. दरोडेखोर मानसिंगाचा मुलगा तहसीलदारसिंग नैनीच्या तुरुंगातून त्यांना पत्र लिहितो, मेजर जनरल यदुनाथ सिंह मध्यस्थी करतात, आणि मे १९६० मध्ये भिंड-मुरैना भागात वीस दरोडेखोर विनोबांसमोर शस्त्रं ठेवतात. त्यानंतर त्यांच्यावर रीतसर खटले चालले. विनोबांनी कुणाला कायद्यापासून पळवलं नाही.

पण सतरा वर्षांच्या मुलाने हे उदाहरण स्वतःला लावू नये. ‘मी त्याला सुधारीन’ म्हणून टोळीत बसणारा मुलगा बहुतेक वेळा स्वतः बदलतो. हे मुलीही लक्षात ठेवोत: हाणामाऱ्या करणाऱ्या मुलाला प्रेमाने वळवू, या आशेवर लग्न करू नये. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की पडलेल्याला सौम्यपणे उभं करा, आणि करताना स्वतःवरही नजर ठेवा, नाहीतर तुम्हीही मोहात पडाल. हे काम मोठ्यांनी, दोघा-तिघांनी मिळून, दिवसा करायचं असतं.

जो आधीच आत गेला आहे त्याने काय करावं? आज रात्रीच्या कामाला जाऊ नये, ही पहिली गोष्ट. घरच्यांना सगळं सांगावं, अर्धं नाही. काही मोठं घडणार असल्याचं कळलं असेल तर ११२ वर फोन करावा. मूल अडकलं असेल तर १०९८ आहे. पोलीस ठाण्यात एकट्याने जायची भीती वाटत असेल तर आधी वकील गाठावा. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे; स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि १५१०० या क्रमांकावर मदत मिळते. गंभीर गुन्ह्यात सगळं खरं सांगणाऱ्या साथीदाराला माफीचा साक्षीदार करण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ मध्ये आहे; ती मिळेलच असं नाही, पण वकिलाला विचारावं. आणि फरार मित्राला घरात लपवू नये. आरोपीला आश्रय देणं हा गुन्हा आहे, आणि त्यातून सूट आहे ती फक्त पती किंवा पत्नीला. मित्राला नाही, आईलाही नाही.

शिक्षा भोगून किंवा जामिनावर सुटून गावात परत आलेल्याचं काय, हे मात्र गावाने ठरवायचं असतं. मन पालटल्यावर शौल यरुशलेमला आला तेव्हा तिथले शिष्य त्याला घाबरत होते, त्याच्यावर कुणाचा विश्वास बसेना. बर्णबा नावाच्या एका मान्य माणसाने त्याला हाताशी धरलं, सगळ्यांसमोर नेलं आणि त्याच्या वतीने तो बोलला. आपल्याकडे अशा पोराला सगळ्यांत आधी परत बोलावते ती जुनी टोळीच. तिला घाई असते आणि गावाला नसते. त्यामुळे सुटकेची तारीख कळताच घरच्यांनी असा एक माणूस गाठावा ज्याच्या शब्दाला गावात किंमत आहे. त्याने पोराला स्वतः न्यायला जावं, जुना नंबर बंद करून नवा घेऊन द्यावा, आणि पुढच्याच आठवड्यात त्याला कामाला लावावं: संत्र्याच्या तोडणीवर, गॅरेजमध्ये, बांधकामावर, जिथे मालकाला त्याची सगळी हकिकत आधीच सांगितलेली असेल. मजुरी दर आठवड्याला मिळेल एवढं मालकाकडून कबूल करून घ्यावं, कारण पाचशे रुपयांचा फोन पुन्हा येणार आहे.